तिला एकटीला कोणी विचारलं होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे. पंधरा वर्षांच्या लेकीबरोबर तुम्ही एलिझाबेथ स्मार्टची मुलाखत पाहिली. चौदाव्या वर्षी राहत्या घरातून पळवून नेलेली आणि नऊ महिने ताब्यात ठेवलेली ही अमेरिकन मुलगी अधूनमधून चारचौघांत वावरत होती. एकदा तर ग्रंथालयात पोलीस अधिकारी तिच्या समोर उभा होता, तरी ती बोलली नाही. तुमची लेक पटकन म्हणाली, "मी असते तर किंचाळले असते," आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिण्यामागचं खरं कारण सांगितलं आहे. तुमच्या नात्यातली एक अल्पवयीन मुलगी अशाच प्रसंगातून काही आठवड्यांनी परत आली आहे, आणि घरी येणारा प्रत्येक जण तिला विचारतो आहे, "फोन हाताशी होता, मग केला का नाहीस?"

मी समुपदेशक आहे. बालकल्याण समितीकडून येणाऱ्या मुलींबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. हा प्रश्न मी पोलीस ठाण्याच्या बाकावर ऐकला आहे, बालगृहाच्या भेटीच्या खोलीत ऐकला आहे, कोर्टाच्या व्हरांड्यात सख्ख्या मावशीच्या तोंडून ऐकला आहे. म्हणून आधी माझं उत्तर सांगते आणि मग ते उलगडते. ताब्यात असलेली मुलगी गप्प राहते, कारण तिच्याजवळ जी माहिती असते तिच्यानुसार गप्प राहणं हाच जिवंत राहण्याचा मार्ग असतो. ती का बोलली नाही, हे विचारण्याआधी तिला कोणी विचारलं, कसं विचारलं आणि कोणाच्या देखत विचारलं, हे पाहायला हवं. एलिझाबेथच्या प्रकरणात हे अगदी स्वच्छ दिसतं.

५ जून २००२ची पहाट. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये फेडरल हाइट्स नावाच्या सुखवस्तू वस्तीत स्मार्ट कुटुंबाचं घर. एलिझाबेथ आणि तिची नऊ वर्षांची बहीण मेरी कॅथरीन एकाच खोलीत झोपलेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी कापून ब्रायन डेव्हिड मिचेल आत शिरला. हा माणूस घरच्यांना अगदीच परका नव्हता. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर २००१मध्ये, एलिझाबेथच्या आईने बाजारात भेटलेल्या या गरजू माणसाला पैसे दिले होते आणि घरी दिवसभराचं काम दिलं होतं. तेव्हा त्याने छपराची डागडुजी केली होती आणि स्वतःचं नाव इमॅन्युएल सांगितलं होतं. त्या पहाटे तो चाकू घेऊन आला आणि म्हणाला, आवाज केलास तर तुला आणि घरच्यांना मारून टाकीन. रात्रीच्या कपड्यांतच त्याने तिला घरामागच्या डोंगरात चालत नेलं. तिथे त्याने छावणी तयार ठेवली होती. त्याची बायको वांडा बार्झी तिथे वाट पाहत होती. मिचेल स्वतःला देवाचा प्रेषित म्हणवायचा. त्याने तिथेच मनानेच एक विधी करून त्या मुलीला आपली पत्नी जाहीर केलं आणि त्याच दिवसापासून अत्याचार सुरू झाले. तिच्या पायाला पोलादी तार बांधली आणि तिचं दुसरं टोक दोन झाडांमध्ये ताणलेल्या तारेला अडकवलं. त्या तारेच्या टप्प्यापलीकडे तिला जाता येत नव्हतं.

छावणी घरापासून फार लांब नव्हती. गावातले लोक तिला शोधत डोंगर चढले तेव्हा आपल्या नावाने मारलेल्या हाका तिने ऐकल्या. तेव्हाही ती ओरडली नाही.

आता हे तिच्या जागेवरून बघा. आपण घरात बसून मिचेलचं वजन करतो: एक दाढीवाला, भणंग, वेडसर माणूस. त्याला काय घाबरायचं? तिच्या हिशेबात तो वेगळाच होता. ज्या घरात आईवडील झोपलेले असताना मूल सर्वांत सुरक्षित असतं, त्या घरातून, त्या खोलीतून, शेजारी बहीण असताना, तो तिला घेऊन आला होता आणि कोणालाही त्याला अडवता आलं नव्हतं. म्हणजे घरच्यांना मारण्याची धमकी तिच्यासाठी नुसती धमकी उरली नव्हती. तो परत त्या घरात जाऊ शकतो याचा पुरावा ती स्वतः होती. चौदा वर्षांच्या मुलीने यावरून काय ठरवावं? मी ओरडले आणि वाचले नाही, तर मी मरेन. ओरडले आणि वाचले, तरी तो घरी जाईल. हे भित्रेपण नाही, हा हिशेब आहे. हातात असलेल्या माहितीवर तो चूकही नव्हता.

आपल्याकडच्या मुलींमध्येही मला हेच आढळतं. धमकी क्वचितच "तुला मारीन" एवढीच असते. "तुझ्या भावाची शाळा मला माहीत आहे", "तुझा बाप रात्रपाळीवरून कोणत्या रस्त्याने येतो ते मला माहीत आहे", "तुझे फोटो अख्ख्या गावाला पाठवीन", अशा त्या धमक्या असतात. तुमच्या नात्यातल्या मुलीच्या हाताशी फोन होता म्हणता. त्या फोनमध्ये काय होतं, तो कोणाच्या नावावर होता, तो उचलल्यावर काय होईल असं तिला सांगितलं होतं, हे तिने अजून सांगितलेलं नसणार. सांगेल तेव्हा सांगेल.

यात शरीराचाही भाग आहे, आणि कोर्टातसुद्धा त्याची समज कमी पडते. जिवावरचं संकट आलं की माणूस लढतो किंवा पळतो असं आपण शाळेत शिकतो. तिसरी गोष्ट कोणी शिकवत नाही: शरीर थिजतं. घशातून आवाज निघत नाही, हातपाय हलत नाहीत, शुद्ध मात्र पूर्ण असते. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ अत्याचारपीडित स्त्रियांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी लक्षणीय प्रमाणात असं थिजणं अनुभवलं होतं. म्हणजे न ओरडणं हाच तिथे जास्त आढळलेला प्रकार होता. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा. "मी असते तर" हे वाक्य ती चांगल्या मनाने म्हणाली, पण उद्या तिच्यावर काही प्रसंग आला आणि आवाज फुटला नाही, तर हेच वाक्य तिला आतून खाईल.

थिजणं मिनिटांचं असतं, कैद महिन्यांची. महिन्यांची कैद माणसाला कशी वाकवते, हे १९५७मध्ये आल्बर्ट बिडरमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने कोरियन युद्धातल्या कैद्यांच्या अनुभवांवरून मांडलं. एकटं पाडायचं. उपाशी आणि थकलेलं ठेवायचं. मारण्याच्या धमक्या द्यायच्या. मधूनच एखादी दया दाखवायची. क्षुल्लक हुकूम पाळायला लावायचे. अपमान करायचा. आणि मी सर्वशक्तिमान आहे हे पुन्हा पुन्हा पटवायचं. हे सगळं प्रौढ, प्रशिक्षित सैनिकांवर चाललं होतं. मिचेलने कोणतंही पुस्तक न वाचता यातलं जवळजवळ सगळं एका आठवी-नववीतल्या मुलीवर केलं. तिचं नाव बदललं, कपडे काढून घेतले, तिला उपाशी ठेवलं, जबरदस्तीने दारू पाजली, आणि या सगळ्याला देवाची आज्ञा म्हटलं. श्रद्धाळू घरात वाढलेल्या मुलीला देवाच्या नावाने छळणं किती खोलवर जातं, हे आपल्याकडच्या बुवाबाजीची प्रकरणं हाताळलेल्या कोणालाही वेगळं सांगावं लागणार नाही.

आता त्या ग्रंथालयाकडे येऊ, ज्यामुळे तुमच्या लेकीने प्रश्न विचारला.

पळवून नेल्यानंतर काही महिन्यांनी ते तिघं सॉल्ट लेक सिटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसले होते. एलिझाबेथच्या अंगावर पायघोळ झगा आणि तोंडावर बुरखा, फक्त डोळे दिसत होते. कोणीतरी संशय येऊन कळवलं आणि एक गुप्तहेर अधिकारी आला. त्याने आपण एलिझाबेथ स्मार्टला शोधत आहोत असं सांगितलं आणि बुरखा वर करायला सांगितलं. मिचेल म्हणाला, आमच्या धर्मात ते चालत नाही, ही माझी मुलगी आहे. टेबलाखाली बार्झीने एलिझाबेथच्या मांडीवर हात घट्ट रोवला होता. अधिकाऱ्याने पुन्हा विनंती केली, मिचेल शांतपणे नकार देत राहिला, आणि अधिकारी निघून गेला.

हे दृश्य नीट बघा. प्रश्न मुलीबद्दल होता, पण संभाषण झालं दोन पुरुषांमध्ये. ज्याने तिला कोंडलं होतं त्यालाच विचारलं गेलं की तिचा चेहरा दाखवशील का. दोन्ही बाजूंना तिचे छळकर्ते बसलेले, एकाचा हात तिच्या अंगावर. बोलायला तिला किती जागा होती? त्यात अधिकाऱ्याने मिचेलचं म्हणणं मान्य केलं, तेव्हा तिला शिकवलेलं सगळं खरं ठरलं: हा माणूस पोलिसांनाही परतवून लावतो. त्या अधिकाऱ्याला खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. दुसऱ्याच्या धर्माचा मान राखण्याची त्याची भावना चांगलीच होती. पण बाईंना बाजूला घेऊन, एकीला एकटीला, दोन मिनिटं विचारणं ही इतकी साधी गोष्ट आहे, आणि ती झाली नाही. आपल्या पोलीस ठाण्यांतही नवऱ्यासमोर, सासूसमोर, "मामा"समोर मुलीला विचारतात, "काय गं, स्वतःच्या मर्जीने आलीस ना?" ती मान हलवते. ती हललेली मान कागदावर जबाब होऊन बसते.

पुढे हिवाळ्याच्या तोंडावर मिचेल दोघींना घेऊन कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ गेला. फेब्रुवारी २००३मध्ये एका चर्चमध्ये घुसल्याबद्दल तो पकडला गेला, खोटं नाव सांगून काही दिवस तुरुंगात राहिला आणि सुटलाही. त्यानंतर त्याने पूर्वेकडच्या एखाद्या मोठ्या शहरात जायचं ठरवलं. तसं झालं असतं तर ती सापडण्याची शक्यता जवळजवळ संपली असती. इथे एलिझाबेथने जे केलं ते मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ती मिचेलला म्हणाली, मला वाटतं की आपण सॉल्ट लेकला परत जावं अशी देवाची इच्छा आहे. पण माझ्यासारखीशी देव कशाला बोलेल? तुम्ही त्याचे सेवक, तुम्हीच विचारून पाहा. मिचेलने विचारलं. आणि त्याच्या देवाने परत जायला सांगितलं.

पंधरा वर्षांची मुलगी, आठ-नऊ महिने उपाशी, मारलेली, लाजवलेली, आणि तिने आपल्या छळकर्त्याच्या अहंकाराची नस ओळखून त्याला स्वतःच्या गावाकडे वळवलं. बाहेरून पाहणाऱ्याला ती आज्ञाधारक, मिटलेली, त्यांच्यातलीच एक दिसली असणार. आतून ती रोज निरीक्षण करत होती, जमवत होती, वाट पाहत होती. "ती काहीच करत नव्हती" असं म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट सांगते.

१२ मार्च २००३ रोजी सॉल्ट लेकजवळच्या सँडी गावात रस्त्याने चालणाऱ्या या तिघांना लोकांनी ओळखलं आणि पोलिसांना फोन केला. तिच्या डोक्यावर खोट्या केसांचा टोप होता, डोळ्यांवर काळा चष्मा. सुरुवातीला तिने मिचेलने पढवलेलं खोटं नावच सांगितलं. पण या वेळी पोलिसांनी तिला त्या दोघांपासून वेगळं केलं, आणि मग हळूहळू ती आपण कोण आहोत हे कबूल करू शकली. वेगळं काढल्याबरोबर ती धावत येऊन गळ्यात पडली नाही. मोकळं झाल्यावरही भीती लगेच हटत नाही, तिला वेळ लागतो.

लोकांनी त्यांना ओळखलं कसं? हे श्रेय धाकट्या मेरी कॅथरीनचं. त्या रात्री ती जागी होती आणि झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिली. काही वेळाने उठली, पण तो माणूस अजून घरात असेल म्हणून परत अंथरुणात शिरली, आणि नंतर आईवडिलांना जाऊन सांगितलं. "लगेच का ओरडली नाही" हा प्रश्न तिलाही लोकांनी लावला. आवाज ओळखीचा वाटतो पण कोणाचा ते आठवत नाही, असं ती म्हणत राहिली. चार महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, तिला आठवलं: छपराचं काम करायला आलेला तो इमॅन्युएल. पोलिसांना ते फारसं पटलं नाही. त्यांचा संशय दुसऱ्याच एका कामगारावर होता, आणि तो ऑगस्टमध्ये कोठडीत असताना मेंदूतल्या रक्तस्रावाने मरण पावला होता. कुटुंबाने मात्र लहान मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवला. रेखाचित्र काढून घेतलं आणि फेब्रुवारीत ते लोकांसमोर आणलं. त्यावरून मिचेलच्या नातेवाइकांनी त्याला ओळखलं, त्याचे फोटो टीव्हीवर आले, आणि ते पाहिलेल्या लोकांनी त्याला सँडीच्या रस्त्यावर हेरलं. नऊ वर्षांच्या मुलीची आठवण तिच्या वेगाने आली, आणि आली तेव्हा घरातल्यांनी ती ऐकून घेतली.

असंच एक प्रकरण आपल्या अंधेरीत घडलं. २२ जानेवारी २०१३ला सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या परिसरातून नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी बेपत्ता झालेल्या १६६ मुलींचा शोध हाती घेतला होता. त्यांतल्या १६५ सापडल्या, ही एकच राहिली. २०१५मध्ये निवृत्त झाल्यावरही ते तिला शोधत राहिले. ऑगस्ट २०२२मध्ये ती सोळा वर्षांची असताना घरी परतली. एका जोडप्याने तिला नेलं होतं. मधे काही काळ तिला कर्नाटकात ठेवलं, आणि नंतर परत मुंबईत आणून मारहाण करत मूल सांभाळायच्या कामाला लावलं. शेवटी ती राहत होती ते ठिकाण जुन्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. ते आपले आईवडील नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण ती गेली नाही. इतक्या लहानपणी नेलेल्या मुलीला घराचा रस्ता ठाऊक नसतो आणि मार मात्र रोजचा ठाऊक असतो. मग जुहूत ती ज्या घरी कामाला जात होती, तिथल्या दुसऱ्या घरकाम करणाऱ्या बाईंना तिने आपली कहाणी सांगितली. त्या बाईंनी ती खरी मानली, इंटरनेटवर तिचं नाव घालून शोध घेतला, आणि बेपत्ता झाल्याचं जुनं पोस्टर सापडलं. त्यावरचा एक नंबर अजून चालू होता, शेजाऱ्याचा. नऊ वर्षांचा शोध त्या फोनवर संपला. तिचे वडील काही महिने आधीच वारले होते.

ग्रंथालयातला अधिकारी आणि या बाई यांच्यात अधिकाराचा, शिक्षणाचा, प्रशिक्षणाचा किती फरक. पण बाईंसमोर ती मुलगी एकटी होती, तिला घाई नव्हती आणि समोरचं माणूस तिच्यासारखंच कष्टाचं होतं.

"स्टॉकहोम सिंड्रोम"बद्दलही तुम्ही विचारलं आहे. १९७३च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोममधल्या एका बँकेत दरोडेखोरांनी काही कर्मचाऱ्यांना ओलीस ठेवलं. सुटकेनंतर ओलिसांनी दरोडेखोरांपेक्षा पोलिसांवर जास्त राग काढला, आणि त्यावरून हा शब्द रूढ झाला. मानसिक आजारांच्या अधिकृत निदानसूचीत तो नाही, आणि माझ्या अहवालांत मी तो वापरत नाही. तो वापरला की मुलीने जीव वाचवण्यासाठी केलेली जुळवणी तिचा आजार ठरते आणि लोकांना "तिला तो आवडायला लागला होता" असं म्हणायची सोय होते. एलिझाबेथने हे लेबल स्वतःसाठी ठामपणे नाकारलं आहे. ऑस्ट्रियात दहाव्या वर्षी, १९९८मध्ये, पळवली गेलेली आणि २००६मध्ये स्वतः पळून सुटलेली नताशा कांपुश हिनेही ते नाकारलं. तुमच्या नात्यातली मुलगी कदाचित त्या माणसाबद्दल एखादं बरं वाक्य बोलेल. "त्याने मला ताप आला तेव्हा औषध आणून दिलं," असं काहीतरी. ऐकून घ्या. त्यावर वाद घालू नका. सगळी दारं बंद असताना मिळालेलं औषध मोठं वाटतंच.

आता लाजेबद्दल, कारण तोंड बंद ठेवणारी सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. २०१३मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका भाषणात एलिझाबेथने सांगितलं की लहानपणी शाळेत एका शिक्षिकेने शरीरसंबंधांची तुलना चघळलेल्या च्युइंगमशी केली होती. अत्याचारानंतर तिला तेच आठवलं. आपण आता चघळून टाकलेलं च्युइंगम आहोत, आपल्याला परत कोण घेईल, मग पळून तरी कशाला जायचं, असं तिला वाटलं. आपल्याकडे च्युइंगम नाही, काचेचं भांडं आहे. बाईची अब्रू काचेचं भांडं, एकदा तडा गेला की गेला, हे आपण मुलींच्या कानावर किती सहज घालतो. त्या वाक्याने आजवर एकाही मुलीचं रक्षण झालेलं मी पाहिलेलं नाही. पळवून नेणाऱ्याचं काम मात्र त्याने सोपं होतं. बाहेरून कुलूप लावायची गरजच पडत नाही, परतीचा रस्ता मुलीने मनात आधीच बंद केलेला असतो. तुमच्या लेकीशी बोलताना हेच आधी बोला: काहीही झालं, कोणीही काहीही केलं, तरी या घराचं दार तुझ्यासाठी उघडं आहे आणि तुझी किंमत तसूभरही कमी होत नाही. प्रसंग येण्याआधी हे तिच्या कानावर पडलेलं असायला हवं.

आता परत आलेल्या मुलीबद्दल. "का नाही" ने सुरू होणारे सगळे प्रश्न घरातून आजच बंद करा. भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगा, की त्या विषयावर बोलायचं नाही, जेवायला बसा. तिची आई हे सांगू शकणार नसेल तर तुम्ही सांगा. हकिगत काढून घेण्याचं काम घरच्यांचं नाही. ते पोलिसांचं आणि दंडाधिकाऱ्यांचं आहे, आणि तिथेही ते कमीत कमी वेळा व्हायला हवं, कारण प्रत्येक वेळी तिला ते पुन्हा जगावं लागतं. घरच्यांनी फक्त एवढं म्हणावं: "तू घरी आलीस, बरं झालं. सांगावंसं वाटलं तर मी आहे." आणि मग खरोखर असावं. रात्री दिवा सुरू ठेवायचा की नाही, दाराला आतून कडी हवी की नको, आज काय खायचं, कोणाशेजारी झोपायचं, हे तिला ठरवू द्या. त्या काळात तिचा प्रत्येक निर्णय दुसऱ्याने घेतला होता. म्हणून या बारीकसारीक निवडी तिला परत देणं हेच पहिल्या आठवड्यांतलं औषध आहे. मागून येऊन अंगाला हात लावू नका, प्रेमानेही नाही. ती हसली, टीव्ही पाहून खदखदून हसली, तर "हिला काहीच झालं नाही" असं समजू नका. रडली नाही म्हणून संशयही घेऊ नका.

झोप अजिबात लागत नसेल, मधूनच शून्यात जात असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लगेच गाठा. आघातासाठी खास विकसित केलेल्या समुपदेशनाचा मुलांना चांगला उपयोग होतो. मात्र ते तिची तयारी पाहून सुरू करायचं असतं, पहिल्याच बैठकीत सगळं ओकायला लावून नाही.

कायद्यातल्या काही गोष्टी तिच्या आईवडिलांना माहीत असल्या की ठाण्यात त्यांचा आवाज बदलतो. अठरा वर्षांखालील मूल बेपत्ता झालं की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३मध्येच सांगितलं आहे. "गेली असेल कोणाबरोबर, दोन दिवस वाट बघा" हे उत्तर चालत नाही. अत्याचार झाला असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागतो, आणि त्यात अठरा वर्षांखालील मुलीची संमती विचारातच घेतली जात नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. तिला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही आणि आरोपीसमोर आणता येत नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने करायची. दोन बोटांची ती अपमानकारक चाचणी सर्वोच्च न्यायालयाने बाद ठरवली आहे. कोणी करायला लागलं तर नाही म्हणा. बालकल्याण समितीकडे अर्ज करून खटला संपेपर्यंत सोबत राहणारी मदतनीस व्यक्ती मागता येते. बहुतेक कुटुंबांना हे कोणी सांगतच नाही. आर्थिक साहाय्यासाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा. मुलीचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, आणि त्यात भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेजही येतो.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. "बोभाटा होण्याआधी लग्न उरकून टाकू" असं कोणी म्हणालं असेल, किंवा तिला नेणाऱ्याच्या घरून तडजोडीचा निरोप आला असेल, तर त्याला तिथेच नकार द्या. अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की एका कैदेतून सुटलेल्या मुलीला तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात देत असता, आणि या वेळी आईवडिलांच्या सहीने. तिला शाळेत परत पाठवा. वर्ग बदलून, शाळा बदलून, लागलंच तर बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून, पण पाठवा.

एलिझाबेथ घरी आली तेव्हा तिच्या आईने तिला सांगितलं होतं की त्या माणसाने तुझे नऊ महिने घेतले, आता एक क्षणही जास्त देऊ नकोस, आनंदात जगणं हीच त्याला शिक्षा. पुढे ती शाळेत गेली, वीणेसारखं ते हार्प हे वाद्य वाजवत राहिली, संगीत शिकली, तिने लग्न केलं, आता तिला मुलं आहेत. नोव्हेंबर २०१०मध्ये, तेविसाव्या वर्षी, तिने कोर्टात तीन दिवस साक्ष दिली, नावानिशी, तपशीलवार. डिसेंबरमध्ये तो दोषी ठरला आणि मे २०११मध्ये त्याला जन्मठेप झाली. किंचाळली नाही म्हणून तुमची लेक जिच्यावर चिडली, ती हीच मुलगी. बोलायला सुरक्षित जागा आणि ऐकणारी माणसं मिळाल्यावर ती तीन दिवस बोलली. लेकीला हे दोन्ही भाग एकत्र सांगा.

आणि तिला एक काम द्या, कारण या वयाच्या मुलींना काम दिलेलं आवडतं. वर्गातली एखादी मुलगी अचानक गप्प झाली, शेजारच्या घरात कामाला ठेवलेली लहान मुलगी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसेल, प्रवासात एखादी मुलगी स्वतःचं नाव सांगायच्या आधी सोबतच्या माणसाकडे बघत असेल, तर तिला त्या माणसासमोर काही विचारायचं नाही. पाणी प्यायला, बाथरूमला, कशाच्याही निमित्ताने ती एकटी असेल तेव्हा हळूच विचारायचं, "तू ठीक आहेस ना? काही सांगायचंय?" ती नाही म्हणाली तरी शंका राहिली तर मोठ्या माणसाला सांगायचं आणि मुलांसाठीच्या १०९८ या मदतवाहिनीला फोन करायचा. हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत, आणि फोन करायला खात्री असण्याची गरज नाही, शंका पुरते.